चार-पाच देशांत गेलेलं आयुष्य लिहायचं असेल तर

बऱ्याच देशांत राहून झालेलं असलं की आठवणी लिहायला बसताना पहिला विचार हाच येतो की देशांच्या क्रमाने लिहूया, पहिला देश पहिलं प्रकरण, दुसरा देश दुसरं. माझा पहिला ड्राफ्ट तसाच होता, चार देश चार प्रकरणं, आणि सगळं सलग वाचलं तेव्हा दिसलं की प्रत्येक प्रकरण सारखंच झालंय, विमानतळ, घर शोधणं, नवीन भाषा, नवीन ऑफिस आणि मग निरोप. देशांची नावं अदलाबदल केली असती तरी चाललं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की देश मोजू नका. सगळीकडे तुमच्यासोबत आलेली एक गोष्ट शोधा आणि तिच्या मागे मागे जा, मग ते तुमचं नाव असेल, भाषा असेल, एखादं काम किंवा वर्षानुवर्षं न सुटलेला प्रश्न असेल.

ती कशी शोधायची हे इतरांच्या आठवणी वाचून कळतं. धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ घ्या. त्यात नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश, अमेरिका सगळं येतं पण ते नुसतं प्रवासवर्णन वाटत नाही, कारण बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा ही एकच ओढ त्यांना पुढे नेते आणि आपल्याला प्रत्येक मुक्कामाचं कारण कळत जातं. पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद जेरुसलेममध्ये जन्मले, कैरोत वाढले, १९५१ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले, आणि ‘आउट ऑफ प्लेस’ (१९९९) मध्ये सुरुवातीलाच ते स्वतःच्या नावाकडे वळतात, इंग्रजी पहिलं नाव आणि अरबी आडनाव. आपण आधी कुठली भाषा बोललो, अरबी की इंग्रजी, हेही त्यांना सांगता येत नाही. एवढ्या एका नावात सगळं पुस्तक मावलंय असं मला वाटतं.

आणि इव्हा हॉफमन यांचं ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ (१९८९) तर नक्की वाचाच. १९५९ मध्ये, तेराव्या वर्षी, त्या पोलंडमधल्या क्राकोवहून कॅनडात व्हँकुव्हरला आल्या, आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी दोघी बहिणींची नावं इंग्रजी करून टाकली, एव्हाची ईव्हा आणि अलिनाची इलेन. नंतर डायरी भेट मिळते तेव्हा ती कुठल्या भाषेत लिहायची हाच प्रश्न पडतो, कारण पोलिशमध्ये आत्ताचं जगणं बसत नाही आणि इंग्रजीत ‘मी’ म्हणता येत नाही, मग त्या इंग्रजीतच लिहितात पण स्वतःला ‘तू’ म्हणून. स्थलांतराबद्दल दहा पानं लिहून जे सांगता येणार नाही ते या एका गोष्टीत आहे.

अशी पुस्तकं दोनदा वाचायची. पहिल्यांदा नुसतं वाचत जायचं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि जिथे देश बदलतो तिथे थांबून बघायचं की त्या बदलाला लेखकाने किती ओळी दिल्यात. कधी अख्खं प्रकरण असतं, कधी एक वाक्य. प्रसंग कुठे डोळ्यासमोर घडतोय आणि कुठे नुसता सांगितलाय तेही मार्क करा, आणि सांगणारा त्या वेळचा लहान मुलगा आहे की आजचा मोठा माणूस, हेही.

आता लिहिणं. आधी वाक्यं लिहूच नका, पत्त्यांची यादी करा. आयुष्यात राहिलेला प्रत्येक पत्ता, तात्पुरता धरूनसुद्धा, आणि प्रत्येकासमोर तीनच गोष्टी, खिडकीतून काय दिसायचं, तिथले लोक मला काय हाक मारायचे, आणि घरात कुठली भाषा चालायची. आठवत नसेल तर जागा रिकामी ठेवा, ती लगेच भरायच्या मागे लागू नका. जुने पासपोर्ट, पत्रं, फोटोंच्या मागे लिहिलेलं असं जवळ ठेवलं की तारखा बऱ्यापैकी लागतात. यादी दोन-चार दिवस तशीच पडू द्या आणि मग परत वाचताना जे पुन्हा पुन्हा येतंय त्याला गोल करा, तुमची ती गोष्ट बहुतेक त्याच गोलांमध्ये असते.

रिकाम्या जागांबद्दल रशियात जन्मलेले कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या आठवणी आधी १९५१ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या, मग १९५४ मध्ये त्यांनी स्वतः त्या रशियनमध्ये लिहिल्या आणि १९६६ मध्ये ‘स्पीक, मेमरी’ म्हणून इंग्रजीत सुधारून काढल्या. एका प्रसंगाच्या वर्णनात त्यांनी आधी अंदाजाने एक चष्मा लिहून टाकला होता, तो दर वेळी प्रुफं वाचताना त्यांना खुपायचा, शेवटी खूप जोर लावल्यावर आठवलं की तो चष्मा नव्हताच, शिंपल्याच्या आकाराची सिगरेट केस होती. युरोपात बऱ्याच वर्षांनी नातेवाईक भेटले तेव्हा त्यांनीही चुका दाखवल्या. तर तुम्हीही अंदाजाने घातलेल्या प्रत्येक वस्तूवर खूण करून ठेवा आणि भावंडांना ड्राफ्ट वाचायला द्या. त्यांचं आठवणं वेगळं निघालं तर दोन्ही लिहा, खरं कोणाचं हे ठरवायची घाई नको.

भाषेचं थोडं सांभाळावं लागतं. जी आठवण ज्या भाषेत येते ती आधी त्याच भाषेत टिपून घ्या आणि मग मराठीत आणा, नाहीतर संवाद पुस्तकी होतात. परका शब्द ठेवायचा असेल तर आजूबाजूच्या कृतीतून अर्थ कळेल असं वाक्य करा. आणि ज्यांना विचारता येणार नाही अशा घरमालक, शेजारी, सहकारी वगैरेंची नावं बदला आणि बदललीत हे सुरुवातीलाच सांगा.

येणं आणि जाणं सगळेच लिहितात, मधला साधा दिवस राहून जातो. प्रत्येक देशातला एक तरी काहीही न घडलेला दिवस लिहा, सकाळी कुठली बस, कोण काय म्हणालं, संध्याकाळी घरात कसला आवाज. मागेपुढे उड्या मारत लिहिणार असाल तर प्रत्येक भागाच्या डोक्यावर गाव आणि साल टाका, म्हणजे वाचणारा हरवत नाही.