पद्मिनीच्या स्टिअरिंग कॉलमला हात लावताय? आधी या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीचं स्टिअरिंग जड लागतंय म्हणून गॅरेजमध्ये गेलात, की हल्ली एकच उपाय सांगतात: भंगारातल्या छोट्या गाडीचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा (मोटरनं जोर देणारा) कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा फिरणारा शाफ्ट धरणारी नळी, काढायचा आणि इथे बसवायचा. दोन दिवसांचं काम. वडिलांच्या पद्मिनीला मीही हे करून घेतलं. नंतर ते सगळं उघडून पूर्ववत करायला तीन महिने गेले. त्यात जे कळलं ते लिहितोय.

पहिली चूक माझीच होती. स्टिअरिंग जड का झालं, हे मी शोधलंच नाही. पद्मिनी जेमतेम नऊशे किलोची गाडी. सगळं ठाकठीक असेल तर पॉवर स्टिअरिंगशिवायही ती छान वळते. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर टायरमधली हवा, अलाइनमेंट आणि नंतर घातलेले रुंद टायर तपासा. हवेतही जड असेल तर ड्रॉप आर्मला (स्टिअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या दांड्याला) जोडलेला रॉड सोडवा. आता स्टिअरिंग मोकळं फिरलं, तर दोष किंग पिन (चाक ज्या पिनवर वळतं ती) नाहीतर टाय रॉडच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटमध्ये आहे. तरीही अडकत असेल, तर स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा) किंवा कॉलमचा बुश (शाफ्टला आधार देणारी कडी). माझ्या गाडीत किंग पिनचे ग्रीस निपल मातीनं बंद झाले होते आणि बॉक्समध्ये तेलाचा थेंब नव्हता. कॉलमवरचा गिअर पहिल्या आणि रिव्हर्सच्या मध्ये अडकतो, तेव्हाही आधी लिंकेजचे (गिअरच्या दांड्यांचे) झिजलेले बुश बघा. तेवढ्यासाठी फ्लोअर गिअर करायची गरज नसते.

शाफ्ट कापून वेल्डिंग

ही सगळ्यात घातक चूक. दोन गाड्यांचे शाफ्ट एकमेकांना जुळत नाहीत, म्हणून ग्राइंडरनं कापतात, टोकाला टोक लावतात आणि भोवती वेल्डिंगचा राउंड मारतात. माझ्या शाफ्टवरचा काळा रंग खरवडला तेव्हा त्या राउंडच्या कडेनं केसाएवढी चीर दिसली, जवळजवळ पाव फेरा गेलेली. त्याच शाफ्टवर मी घरच्यांना घेऊन कात्रजचा घाट उतरलो होतो.

जोड दातेरी कपलरनंच (दोन शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्यानंच) द्यायचा. शाफ्टच्या टोकाला दाते असतात आणि दात्यांमध्ये एक आडवी खाच असते. कपलरचा बोल्ट त्या खाचेतूनच गेला पाहिजे. मग बोल्ट थोडा सैल झाला तरी शाफ्ट बाहेर सरकत नाही. कपलर दात्यांवर अर्धाच चढला असेल तर बोल्ट खाचेत बसतच नाही, आणि नेमकं तेव्हाच "ठोकून बसव" असं सांगितलं जातं. तिथेच काम थांबवा. दाते जुळत नसतील तर चांगल्या टर्नरकडून अख्खा तुकडा नवा करून घ्या.

क्रॉसची दिशा

नव्या कॉलमचा कोन जुन्या बॉक्सशी जुळत नाही, म्हणून मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणारे क्रॉसचे जोड) लागतात. इथे लक्ष द्या. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच रेषेत हवेत आणि दोन्ही जॉइंटचे कोन सारखे. एकट्या जॉइंटला ३० अंशांचा कोन दिला, तर स्टिअरिंग एकसारखं फिरवूनही पुढचा शाफ्ट कधी ०.८७ पट, कधी १.१५ पट वेगानं फिरतो. दुसरा जॉइंट बरोबर बसला तर हा फरक फेडतो. ९० अंश फिरून बसला तर आणखी वाढवतो. हातात काय जाणवतं? एका फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं. माझ्या गाडीत हेच होत होतं आणि मोटर खराब आहे असं सांगून मला दुसरी मोटर विकली गेली. तीन जॉइंट लावणार असाल तर मधल्या शाफ्टला बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो, नाहीतर तो झोके खातो.

हलतोय म्हणून पक्का करू नका

जुन्या गाड्यांचा अखंड शाफ्ट समोरून धडक बसली की भाल्यासारखा छातीकडे येतो. म्हणून अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून धडकेत दबणारा कॉलम मोटारींना सक्तीचा झाला. भंगारातून आणलेला कॉलमही तसाच असतो: दोन नळ्या एकमेकींत सरकतात आणि डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट धडकेत निसटतो. बसवणाऱ्याला ते सैल वाटतं, तो नळीला वेल्डिंगचे टाके मारतो. तेवढ्यानं माणसाला वाचवणारी सोय संपते. ब्रॅकेट चेसिसच्या बाजूनं मजबूत करा, सरकणाऱ्या भागाला मुळीच हात लावू नका. हातोडा तर त्या कॉलमवर कधीच नको; आत हाताचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरचा बारीक, पीळ खाणारा टॉर्शन बार असतो.

विजेचं काम सोपं, पण तेही नीट हवं. मोटर जोर लावताना बराच करंट ओढते, जुना डायनॅमो तेवढा देऊ शकत नाही. आधी अल्टरनेटर बसवा, बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर आणा. वेगाचा सिग्नल न देता बसवलेलं युनिट हायवेवरही पार्किंगइतकं हलकं राहिलं, तर गाडी सरळ ठेवणंच अवघड होतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांवर बंधन घालतं, तेव्हा कामाआधी आरटीओत विचारा. आणि जुना कॉलम गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. हे भाग आता सहज मिळत नाहीत. माझा कॉलम माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला होता, म्हणूनच परत बसवता आला. बसवल्यावर प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, शंभर किलोमीटरनंतर खाली झोपून बघितलं. ड्रॉप आर्मच्या नटावरची रेघ जराशी सरकली होती. तो पुन्हा आवळला.