स्टिंगरे उपाशी, शॉव्हलनोज तुपाशी : या चुका टाळा

"काही नाही होत भाऊ, द्या सोडून सोबत." मोटोरो स्टिंगरेचं पिल्लू घेताना दुकानदार मला हेच म्हणाला होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. घरच्या टँकमध्ये आधीपासून हातभर टायगर शॉव्हलनोज, म्हणजे चपट्या थोबाडाचा कॅटफिश, होता. दोघांची एकदाही मारामारी झाली नाही. पिल्लू मात्र दोन महिन्यांत गेलं. भुकेनं. रोज दोन वेळा खायला घालूनसुद्धा.

या जोडीबद्दल सगळे स्टिंगरेच्या शेपटीवरच्या नांगीची भीती घालतात. नांगी असते, पण 'रे' (म्हणजे स्टिंगरे) ती उगाच चालवत नाही. खरी भानगड जेवणाच्या वेळी होते आणि ती आपल्या डोळ्यांदेखत होत असूनही लक्षात येत नाही.

रे खातो कसा, ते एकदा जवळ बसून बघा. डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली. तोंडात काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. वास घेत, चाचपडत तो कोळंबीवर येतो, ताटलीसारखं अंग तिच्यावर दाबतो, कडा तळाला टेकवतो आणि मग आतल्या आत निवांत चावत बसतो. तेवढ्यात शॉव्हलनोज तीन कोळंब्या गिळून मोकळा झालेला असतो, कारण चावणं हा प्रकार त्याला माहीतच नाही. वर रेच्या कडेखालून वास आला की तो आपलं चपटं थोबाड तिथेच खुपसतो. माझ्या पिल्लाच्या कडेला असेच पांढुरके ओरखडे उठले होते. मी त्यांना बुरशी समजलो आणि बाटलीतलं औषध ओतलं.

त्या औषधात तांबं होतं. दोन्ही मासे बिनखवल्यांचे, त्यामुळे तांबं, फॉर्मेलिन, मॅलाकाइट ग्रीन यांचा डोस इतर माशांच्या हिशेबानं घातला की त्यांना तो झेपत नाही. रेला तर मुळीच नाही. ओरखडे दिसले तर आधी स्वच्छ पाणी बदला आणि शॉव्हलनोजला बाजूला काढा, बाटलीला हात नंतर.

रे उपाशी आहे हे पोटावरून कळत नाही. वरून शेपटीच्या बुडाशी बघा. दोन्ही बाजूंना हाडांचे उंचवटे दिसायला लागले तर त्याला कित्येक दिवस पुरेसं मिळालेलं नाही. चकतीच्या, म्हणजे त्याच्या ताटलीसारख्या अंगाच्या, कडा वर वळल्या तर मात्र वाट बघू नका, त्याच मिनिटाला पाणी तपासा. तिथून परतणारे रे थोडे.

जेवणाचा बंदोबस्त

शॉव्हलनोज निशाचर. दिवे मालवून अर्ध्या तासानं लांब चिमट्यानं त्याला एका कोपऱ्यात पोटभर द्या. मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं, रोज खाऊन तो नुसता फुगतो. रेला मात्र रोज हवं, पिल्लाला दोनदा. मधे जाळीचं पार्टिशन सरकवा आणि पीव्हीसीच्या पाइपातून गांडुळं किंवा सोललेली कोळंबी थेट त्याच्या पुढ्यात सोडा. तो उठून निघून जाईपर्यंत पार्टिशन काढायचं नाही. कंटाळवाणं काम आहे खरं. ज्याला रोज पंधरा मिनिटं बसणं जमत नाही त्यानं ही जोडी ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि चिकन कुणालाच घालू नका. त्याची चरबी माशांना पचत नाही.

आकाराचं गणित सोपं आहे : शॉव्हलनोजच्या तोंडात मावेल ते त्याचं अन्न. तळहाताएवढं रेचं पिल्लू त्यात आलं. टायगर शॉव्हलनोज नदीत मीटरभर होतो, घरातही दोन फुटांपुढे जातो. टँक किमान ६ बाय ३ फूट, २ फूट उंच. म्हणजे हजार लिटर, नुसत्या पाण्याचंच एक टन. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवण्याआधी इंजिनिअरला विचारा. एवढी जागा नसेल तर लिमा शॉव्हलनोज घ्या, तो साधारण दीड फुटावर थांबतो. सकर फिश मात्र काच साफ करायलाही नको. तो रेच्या पाठीला चिकटून अंगावरचा चिकट थर खरवडतो.

आपला मे महिना

हे मासे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, त्यांना २६ ते २८ अंश बरं. नवतपात नागपूर ४५ च्या पुढे जातं आणि बंद खोलीतला टँक बघता बघता ३३-३४ गाठतो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्यातला अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणजे दोन्हीकडून मार. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नसेल तर झाकण काढून पाण्यावर पंखा लावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो कूलरसारखंच काम करतो. ऑगस्टच्या दमट हवेत त्याचा काही उपयोग नाही, पण तेव्हा गरजही तेवढी नसते.

माझी दुसरी चूक अशी, की दुपारी तीन वाजता पाणी बदललं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेलं पाणी हाताला चटके देत होतं. तेव्हापासून उन्हाळ्यात पाणी बदलायचं ते पहाटे, ड्रममध्ये रात्रभर ठेवलेलं. नळाचं पाणी पेंचचं असो की कन्हानचं, क्लोरीन असतंच, तेव्हा ते घालवणारे हायपोचे खडे विसरू नका. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आलं पाहिजे. पाणी तपासायचं किट नसेल तर रे घेऊच नका.

लाइट गेल्यावर एअर पंप इन्व्हर्टरवर राहील अशी सोय करा. कॅनिस्टर (डब्यासारखा बंद फिल्टर) चार-पाच तास बंद राहिला असेल तर त्यातलं साचलेलं पाणी फेकून मगच तो चालू करा. डिसेंबरातल्या थंडीत हीटर लागतो, पण जाळीच्या आवरणाशिवाय नको. रे त्याला टेकून बसतो आणि भाजतो.

दोघांनाही जाळ्यात धरू नका. शॉव्हलनोजच्या कल्ल्यामागचे काटे आणि रेची नांगी, दोन्ही जाळ्यात अडकतात. प्लास्टिकच्या टबात पाण्यासकट उचला. नांगी लागलीच तर जखम सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, कळ त्यानं उतरते, आणि तसेच दवाखान्यात जा. तिथे "मासा चावला" म्हणू नका. समुद्रापासून इतक्या लांब डॉक्टरांच्या डोक्यात स्टिंगरे येणार नाही. स्टिंगरेची विषारी नांगी घुसली, काटा आत तुटला असेल तर बघा, असं सांगा.