पोकेमॉन गोल्डचा सेव्ह टिकत नसेल तर

१९९९च्या या गेम बॉय गेमचं लेव्हलचं गणित शेवटी बिघडतंच. सिल्व्हर पर्वतावर शेवटचा प्रतिस्पर्धी रेड ८१ लेव्हलचा पिकाचू काढतो आणि तिथवर पोचायला तोडीचं कुणी लढायला मिळत नाही. हाउंडूर हा पोकेमॉन हवा तर गेममधला दुसरा प्रदेश कांटो गाठा, तेही रात्री. पण इथे खरोखरची रात्र होते, हेच याचं सुख. ही वेळ सांभाळणारं घड्याळ कार्ट्रिजमधल्या बॅटरीवर चालतं, म्हणून बॅटरी लवकर संपते आणि तिच्यावरच टिकलेला सेव्ह (साठवलेला खेळ) जातो.

पुण्याच्या तापकीर गल्लीत सीआर२०२५ हा बटण सेल मागताना ‘टॅबवाली’ म्हणा, म्हणजे पट्ट्या वेल्ड केलेली मिळेल. साधी टेपने चिकटवली तर धक्क्याने संपर्क सुटतो. सेलवर थेट सोल्डर केलं तर तो तापून फुटू शकतो.

जुना सेव्ह हवा असेल तर आधी कार्ट्रिज रीडरने (कार्ट्रिज संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाने) उतरवून घ्या. स्क्रू ३.८ मिमी गेमबिटने (अशा कार्ट्रिजच्या खास स्क्रूड्रायव्हरने) काढा. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर ठेवून जुन्या टाक्यावर थोडं ताजं सोल्डर द्या, पट्टी अलगद सुटते. ओढलीत तर पॅड उखडेल! बोर्डावरची अधिकची (+) खूण बघूनच नवी बसवा. मग सेव्ह करून, दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा उघडा.