बेस गिटार शिकताना कुठे अडतं, आणि अडलं की काय करावं

चारच तारा, एका वेळी एकच सूर, कॉर्डची भानगड नाही. "यात काय आहे बाप्पा!" म्हणत पुष्कळ जण बेस हातात घेतात. पंधरा दिवसांत बोटांची टोकं हुळहुळी होतात, मनगट भरून येतं आणि अ‍ॅम्पमधून सुरांऐवजी नुसती घरघर ऐकू येते. मग दोष बोटांवर जातो: माझी बोटंच आखूड, माझ्या हातात जोरच नाही. माझ्या मते बेसवर बहुतेकांचं गाडं जोरापायी अडतच नाही. सूर सुरू करायला सगळे शिकतात, तो बंद कधी आणि कसा करायचा हे कुणी शिकवत नाही, म्हणून अडतं. पण त्याआधी दोन-तीन साध्या गोष्टी मार्गी लावायला हव्यात.

आधी वाद्य तपासा

तार दाबताना जीव जात असेल तर हाताला दोष देण्याआधी पट्टी घेऊन मोजा. गळ्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असावं. साडेतीन-चार असेल तर ते वाद्य शिकाऊ माणसासाठी नाही, आधी त्याचं सेटिंग करून घ्या.

दुसरी तपासणी गळ्याची. जाडीकडून बारकीकडे तारांची नावं ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि गळा जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर, अशी दोन्हीकडे एकदम दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाहा. तिथे तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट मुळीच नसेल तर तारा फ्रेटवर खरखरतात. फार असेल तर तारा उंच जातात.

नागपुरात ही तपासणी वर्षातून निदान दोनदा करावी लागते. मे महिन्यात पारा ४५ वर जातो, हवा ठणठणीत कोरडी असते, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेने हाताला टोचू लागतात. जुलैत तेच लाकूड ओल धरतं, गळा पुढे झुकतो आणि तारा वर येतात. शिवाय आपल्याकडे घरोघरी कूलर. दिवसभर कूलरच्या दमट झोतात आणि रात्री बंद खोलीच्या कोरड्या उकाड्यात राहिलेला बेस सुरात राहील ही आशा सोडा. तारा गंजतात ते वेगळंच. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पुसा आणि बेस कव्हरमध्ये घालून कूलरच्या झोतापासून दूर ठेवा. गळ्याचा बाक सावरणारी आतली कांब, म्हणजे ट्रस रॉड, मात्र व्हिडिओ पाहून स्वतः पिळू नका. एकदा जाणकाराकडून करून घ्या आणि तो जाणकार पाव फेरा फिरवून कसा थांबतो, पुन्हा कसं मोजतो, ते शेजारी बसून बघा.

डावा हात: कमी दाबा

नेहमीच्या बेसवर तारेची वाजती लांबी ३४ इंच असते. १९५१ मध्ये आलेल्या फेंडरच्या प्रिसिजन बेसपासून हे माप रूढ झालं. त्यामुळे नटपासून, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून, पहिला फ्रेट सुमारे ४८ मिलिमीटरवर येतो. साध्या गिटारवर हेच अंतर ३६ च्या आसपास असतं. म्हणजे पहिल्याच दिवशी पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं ताणून बसवणं ही हाताला दिलेली शिक्षा आहे. सुरुवात पाचव्या फ्रेटपासून करा. तिथे दोन फ्रेटमधलं अंतर ३८ मिलिमीटरपर्यंत उतरलेलं असतं. काही आठवड्यांनी खाली, पहिल्या फ्रेटकडे सरका. खालच्या फ्रेटवर एकेका फ्रेटला एकेक बोट लावण्याचा हट्टही नको. डबल बेस वाजवणारे तिथे तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यांवरच काम भागवतात, अनामिका करंगळीला टेकू देते. लहान हातांना हीच पद्धत मानवते.

किती दाबायचं? बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, खुंट्यांच्या बाजूला ठेवा आणि एक सूर वाजवा. आता दाब हळूहळू कमी करत जा. एका क्षणी तार खरखरेल. त्याच्या किंचित वर जेवढा दाब लागतो, तेवढाच पुरे. बहुतेक जण याच्या दुप्पट दाबत असतात. अंगठा गळ्याच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर नुसता टेकलेला असावा. अंगठा क्षणभर उचलूनही सूर टिकला, तर हात बरोबर आहे असं समजा.

बोटांची टोकं दुखणार, ते चालतं. मनगटात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तिथेच थांबायचं. बऱ्याचदा कारण पट्ट्यात असतं. उभं राहून वाजवताना बेस गुडघ्यापर्यंत लोंबकळतो आणि मनगट काटकोनात मोडतं. बसल्यावर बेस ज्या उंचीवर असतो त्याच उंचीवर तो उभं राहून राहील असा पट्टा आवळा. साधारण चार किलोचं ओझं आहे, पट्टा रुंद घ्या.

उजवा हात

अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकी डबीवर, टेकवा आणि तर्जनी-मधलं बोट आलटून पालटून चालवा. तार वर ओढायची नाही. बोट तारेतून पार होऊन पुढच्या जाड तारेवर येऊन विसावलं पाहिजे. मोकळ्या तारेवर रोज थोडा वेळ एवढंच करा. दोन्ही बोटांचा आवाज सारखा येईपर्यंत डाव्या हाताची घाई नको. जोराने वाजवायची हौस असेल तर अ‍ॅम्पचा आवाज वाढवा आणि बोट हलकं ठेवा.

खरी अडचण: सूर थांबवणं

आता मुद्द्याचं. बेसची तार जाड असते, एकदा छेडली की कितीतरी वेळ गुणगुणत राहते. शेजारच्या तारेवर तोच किंवा जवळच्या नात्याचा सूर वाजला की मोकळी तारही आपोआप जागी होते. डी तारेच्या सातव्या फ्रेटवर सूर वाजवा, लगेच थांबवा आणि ए तारेकडे कान द्या. तुम्ही तिला हातही लावलेला नाही, तरी ती घुमत असते. घरात एकट्याने वाजवताना हे लक्षात येत नाही. मंडपात मोठ्या स्पीकरवर मात्र याचाच चिखल होतो आणि साउंडवाला बेसचा आवाज खाली ओढतो.

उपाय दोन्ही हातांनी करायचा. ए तार वाजवताना उजवा अंगठा पिकअपवरून उतरवून ई तारेवर ठेवा. डीवर गेलात की अंगठाही एक तार खाली, म्हणजे एवर उतरवा. त्याची कड ईला चिकटलेली राहू द्या. अशा रीतीने वरच्या जाड तारा अंगठा गप्प करतो. खालच्या बारीक तारांची जबाबदारी डाव्या तर्जनीची: ती ताठ न उभारता जरा आडवी ठेवा, म्हणजे तिचा पोटाकडचा भाग त्या तारांना हलका स्पर्श करतो. आणि वाजलेला सूर संपवताना बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा. उचललंत की मोकळी तार बोंबलते.

सराव असा: ए तारेवर तिसरा फ्रेट, हा सा. डी तारेवर पाचवा फ्रेट, हा त्याचा पंचम. जी तारेवर पाचवा फ्रेट, वरचा सा. सा-प-सां वाजवा आणि एकदम थांबा. मोबाइलवर रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. थांबल्यानंतर शांतता आहे की मागे काही रेंगाळतंय? रेंगाळत असेल तर कोणती तार ते शोधा. हाताची जागा तिथेच चुकलेली असते.

लय: पाचव्या मात्रेवर बंद

मेट्रोनोम चांगलाच, पण तबल्याचं अ‍ॅप आपल्या कानाला जवळचं. केरवा लावा, धा गे ना ती, ना क धी ना, अगदी सावकाश. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एकच सूर वाजवा आणि पाचव्या मात्रेवर, म्हणजे तालातल्या 'खाली'च्या जागी, तो बंद करा. पाच ते आठ पूर्ण शांत. पुन्हा सम. ऐकायला पोरखेळ वाटतो, करून बघा. बहुतेकांचा सूर चौथ्या मात्रेतच गळतो किंवा सहावीपर्यंत लांबतो, आणि रिकाम्या चार मात्रांत जीव घाबरा होऊन पुढची सम घाईने पडते. हे जमलं की सूर तिसरीवर बंद करा, मग सातवीवर. त्यानंतरच सुरांची संख्या वाढवा.

कुणासोबत वाजवताना गायकाकडे नंतर बघा. ड्रमची किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, कुठे पडते, ऑक्टोपॅड असेल तर किकचा पॅड कधी वाजतो, तिथे कान लावा. तुमचा सूर किकच्या अंगावर पडला पाहिजे. शेजारी नाही.

ऐकायचं कशावर

मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. मोबाइलच्या स्पीकरमधून हा मूळ कंप बाहेरच पडत नाही, त्यामुळे त्यावर बेस ऐकून गाणं बसवणं व्यर्थ आहे. हेडफोन वापरा. ट्यूनर ई तार पकडत नसेल तर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट हलकं टेकवून हार्मोनिक वाजवा, लगेच पकडेल. साध्या गिटारचा अ‍ॅम्प हळू आवाजात चालतो, मोठ्या आवाजात स्पीकर फाटू शकतो. अ‍ॅम्प खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका, घुमतो.

पट्टीचा घोळ

इंटरनेटवरचे धडे मोकळ्या तारांवर बेतलेले असतात. मोकळ्या ई, ए, डी, जी म्हणजे आपल्या पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. आपल्याकडचा गायक मात्र येऊन सांगतो, "काळी एक." गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बेसवाल्याला इथे घाम फुटतो, कारण त्याची सगळी गाणी मोकळ्या तारांच्या भरवशावर बसवलेली असतात.

म्हणून सुरुवातीपासून प्रत्येक गाणं मोकळ्या तारांशिवायही बसवा. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर आहे. त्याचा पंचम डी तारेच्या सहाव्यावर, खालचा पंचम ई तारेच्या चौथ्यावर, मध्यम डी तारेच्या चौथ्यावर. हा आकार एकदा हातात बसला की ऐन वेळी गायकाचा घसा बसून त्याने पांढरी एक मागितली तरी बिघडत नाही. सगळा हात एक फ्रेट मागे घ्यायचा, बोटं तीच.