लग्नाला दुसरा फोटोग्राफर घ्यायचा का? आधी दिवसाचा कागद मांडा

स्टुडिओच्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा अशी एक ओळ असते: ‘ट्रॅडिशनल 1, कॅन्डिड 1, व्हिडिओ 1, सिनेमॅटिक 1’. ती वाचून घरात कुणीतरी म्हणतंच, की फोटोग्राफर दोन आहेत, आणखी कशाला? दोन आहेत खरे, पण दोघं पूर्ण वेळ आहेत का, हे आधी विचारा. ट्रॅडिशनलवाला, म्हणजे विधींचे आणि उभं करून काढायचे फोटो घेणारा, सकाळी पुण्याहवाचनापासून पाठवणीपर्यंत असतो. कॅन्डिडवाला, म्हणजे नकळत सहज क्षण टिपणारा, ठरलेले सहा-आठ तास थांबतो, आणि ते तास अनेकदा मेकअप आणि कपल शूटमध्येच निम्मे संपतात. यादीत ‘असिस्टंट’ असेल तर तो बहुधा लाइट धरणारा माणूस असतो. त्याला फोटोग्राफर मोजू नका.

पाहुण्यांच्या आकड्यावरून हा निर्णय घेणं चुकीचं आहे. सहाशे माणसांचं लग्न एकाच हॉलमध्ये, एकामागून एक विधी करत झालं तर एक चांगला माणूस ते निभावून नेतो. दीडशे माणसांचं असलं, पण वर-वधूंच्या खोल्या दोन टोकांना आणि विधी एकाच वेळी, तर तो कमी पडतो. दुसऱ्या फोटोग्राफरचे पैसे आपण दुसऱ्या जागी उभं राहायला माणूस हवा म्हणून देतो. जास्त फोटो मिळणं हा त्यातला दुय्यम भाग.

म्हणून एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे वधूपक्ष, उजवीकडे वरपक्ष. मुहूर्त 12:20 चा असेल तर सकाळी 8 पासून अर्ध्या-अर्ध्या तासाने, कोण कुठल्या खोलीत काय करत असेल ते लिहा. ही माहिती फोटोग्राफरकडे नसते. ती गुरुजींकडे आणि घरातल्या आत्या-मावशीकडे असते. आता एकाच अर्ध्या तासात दोन ठिकाणी काही महत्त्वाचं चालू असेल तिथे गोल करा.

हे गोल साधारण ठरलेल्या जागी पडतात. पहिला गोल साडेअकराच्या सुमारास: नवरदेव मारुतीच्या पाया पडून वाजतगाजत दाराशी येतो (काही गावांत यालाच परण्या म्हणतात), आणि त्याच वेळी वधू आतल्या खोलीत गौरीहरापाशी बसलेली असते. दारातल्या नाचाचे दोनशे फोटो मिळतात, आत एकटीच बसलेल्या मुलीचा एकही नाही. हा फोटो नंतर जुळवून आणता येत नाही, कारण मामा तिला न्यायला आला की ती शांतता संपते.

दुसरा गोल मंगलाष्टकांचा, आणि तोच सगळ्यांत मोठा. समोर हॉलमधून पाहिलं तर वर आणि वधू दोघंही बाजूने दिसतात, पण अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाची पाठ नेमकी प्रेक्षकांकडे असते, शेजारी माइक धरलेली काकू असते आणि व्हिडिओवाल्याचा लाइटही तिथेच. वधूचा चेहरा समोरून हवा तर वराच्या बाजूला उभं राहावं लागतं, वराचा हवा तर वधूच्या. एक माणूस मंगलाष्टकं चालू असताना बाजू बदलू शकतो, पण शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट सरतो तो क्षण जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. तेव्हा तो कुठल्या तरी एकाच बाजूला असणार. त्याच वेळी खाली अक्षता टाकणारी आजी असते. काही घरांत वधूची आई मंगलाष्टकांना उभी न राहता तुळशीला पाणी घालत असते. तिच्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं.

तिसरा गोल जेवणाचा. मुहूर्त लागला की हॉल रिकामा होतो आणि पंगती बसतात. स्टेजवर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी हे तास-दीड तास चालतं. म्हातारी माणसं जेवून दोनच्या आत निघून जातात. त्यांचे फोटो मिळण्याची शेवटची जागा म्हणजे जेवणघर.

चौथा गोल रिसेप्शनचा, आणि त्याचा हिशेब आकड्यात होतो. रिसेप्शनला 500 माणसं, चार-चारच्या गटाने स्टेजवर आली तर 125 गट. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तरी तासाहून जास्त वेळ एक फोटोग्राफर स्टेजसमोर खिळलेला. खाली भेटलेल्या शाळेतल्या मैत्रिणी, विहिणींच्या गप्पा, पोरांचा दंगा हे सगळं सुटतं.

गोल मोजा. एक असेल तर आधी गुरुजींशी बोला. गौरीहर वीस मिनिटं अलीकडे घेता येतो का, एवढं विचारल्याने अनेकदा प्रश्न सुटतो आणि खर्च शून्य. दोन असतील तर फक्त सकाळी 10 ते दुपारी 3 एवढ्या वेळेसाठी दुसरा माणूस पुरतो. तीन किंवा जास्त असतील, किंवा हळद दोन घरी एकाच संध्याकाळी असेल, तर पूर्ण दिवसाचा घ्या. आधी वराची हळद लागून उष्टी हळद वधूकडे जाणार असेल आणि घरं जवळ असतील, तर त्या हळदीपाठोपाठ एकच माणूस जाऊ शकतो.

काही वेळा मात्र सरळ नको म्हणावं. विशेष विवाह कायद्याखालचं नोंदणी लग्न, तीन साक्षीदार, सह्या आणि हार: एकजण पुरे. जुन्या कार्यालयातलं छोटं स्टेज असेल तरीही नको. तिथे दोन फोटोग्राफर, दोन व्हिडिओवाले आणि लाइट चढले की पाहुण्यांना फक्त कॅमेरेवाल्यांच्या पाठी दिसतात. आणि अल्बमचा विचार करा. 40 शीट, प्रत्येकी तीन-चार फोटो, म्हणजे 120 ते 160 फोटो. सहा हजारांतून ते निवडायला घरातलं कुणी बसणार नसेल, तर अल्बम महिनोन्महिने रखडतो.

घ्यायचं ठरलं तर माणूस पाहून घ्या. दाट मुहूर्ताच्या दिवशी स्टुडिओची माणसं वाटली जातात आणि दुसरा म्हणून ऐनवेळी कुणीतरी बाहेरचा येतो. नाव आधी लिहून घ्या आणि त्याच माणसाने काढलेलं एक अख्खं लग्न पाहा. निवडक वीस फोटोंवरून काही कळत नाही. कोटेशनमध्ये त्याचा आकडा वेगळा मागा: किती तास, प्रवास आणि मुक्काम कुणाचा, जीएसटी धरून की वगळून.

मग कामाची वाटणी. एकाकडे 24-70 ची लेन्स (जवळून, रुंद दृश्यासाठी) आणि स्टेज, दुसऱ्याकडे 70-200 किंवा 85 ची (लांबून चेहरे टिपायला) आणि हॉल, दार, जेवणघर. मंगलाष्टकांना कोण कुणाच्या बाजूला उभा राहणार, हे आदल्या दिवशी ठरवा. नाहीतर दोघंही सवयीने वधूचा चेहरा दिसणाऱ्या बाजूला जातात, आणि नवरदेवाची पाठ दोन कॅमेऱ्यांतून मिळते.

बिघडतं ते सहसा छोट्या गोष्टींमुळे. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक असला तरी वेळेनुसार लावताना विधींची सरमिसळ होते. सुरुवातीलाच दोघांनी सेकंद दाखवणाऱ्या एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढावा, म्हणजे फरक नंतर दुरुस्त करता येतो. रेडिओ ट्रिगर (लांबचा फ्लॅश वायरशिवाय पेटवणारं यंत्र) एकाच चॅनेलवर राहिले तर एकाने बटण दाबलं की दुसऱ्याचा फ्लॅश पेटतो, आणि तो पुन्हा भरेपर्यंत दुसऱ्याचा फोटो काळा. दोन कंपन्यांचे कॅमेरे असतील तर हळदीचा पिवळा आणि त्वचेचा रंग वेगळा दिसतो. त्यासाठी दुसऱ्यानेही रॉ फाइलच (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) द्यावी आणि सगळे फोटो एकाच माणसाने एडिट करावेत.

24 मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबी. तीन हजार फोटो म्हणजे 75 ते 90 जीबी, तेही एका माणसाचे. दुसरा फोटोग्राफर कार्ड खिशात घालून घरी जाण्याआधी, त्याच रात्री कार्यालयातच त्या कार्डाची दोन हार्ड डिस्कवर कॉपी व्हावी. ही ओळ करारात घाला, आणि त्या रात्री लॅपटॉपजवळ घरातला एक जागा माणूस बसवा.