ओरिजिनल नसेल तर फौजदारी केसमधे झेरॉक्स कशी लावायची

आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमधल्या काकांची फ्लॅटच्या टोकनची केस ठाणे कोर्टात चालू होती, पावतीची नुसती झेरॉक्स हातात होती आणि समोरच्या वकिलांनी लगेच ऑब्जेक्शन घेतलं. काका घाबरले, पण झेरॉक्स आहे म्हणून केस गेली असं होत नाही, तिच्यासाठी आधी वाट करावी लागते.

कागदात काय लिहिलंय ते शक्यतो मूळ कागदानेच सिद्ध करायचं, हा मुख्य नियम. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ५६ ते ६० मधे आहे, त्या दिवशी आधीच चालू असलेल्या खटल्यांना मात्र १८७२ चा जुनाच कायदा लागतो. म्हणून ओरिजिनल असेल तर पोलिसांना असंच देऊ नका, जप्ती पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्या आणि स्वतःकडे कॉपी ठेवा.

ओरिजिनल नसेल तर कलम ६० मधलं कारण दाखवा. हरवलं असेल तर शेवटचं कधी कुणाकडे होतं, कुठे शोधलं, हे सगळं साक्षीत यायला हवं, आणि तुमच्याच हलगर्जीपणाने गेलं असेल तर हे कारण चालत नाही. समोरच्याकडे असेल तर साधारणपणे मूळ कागद हजर करा अशी कलम ६४ ची नोटीस त्याला आधी द्यावी लागते. सरकारी दस्त असेल तर खात्याकडून सही-शिक्क्याची नक्कलच काढा, तिथे झेरॉक्सच्या भानगडीत पडूच नका.

कारण पटलं तरी अर्धंच काम झालं. ही कॉपी त्याच ओरिजिनलवरून काढली हे सांगणारा माणूस लागतो, काकांच्या केसमधे त्यांचा भाचा उभा राहिला कारण झेरॉक्सच्या दुकानात तोच कागद घेऊन गेला होता.

व्हॉट्सॲपचे मेसेज प्रिंट काढून देणार असाल तर कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडा, त्यात फोन ज्याच्या ताब्यात त्याचा भाग आणि एक्स्पर्टचा भाग असे दोन असतात आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलमधे बदल झाला तर लगेच कळेल असा तिचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. जालन्याच्या अर्जुन खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मधे जुन्या कायद्याखाली हे सर्टिफिकेट आवश्यक धरलं, पण मालकाने स्वतः साक्षीला येऊन मूळ फोनच हजर केला तर गरज नाही असंही सांगितलं.

आणि तुम्ही आरोपीच्या बाजूने असाल तर कागदाला एक्झिबिट नंबर (कोर्ट पुराव्याच्या कागदाला देतं तो नंबर) पडतानाच वकिलांना झेरॉक्सवर ऑब्जेक्शन घ्यायला सांगा, नंतर अपिलात ते सहसा ऐकत नाहीत.