घरच्या बर्फाच्या मशीनची स्वच्छता : सोलापुरातल्या एका मेकॅनिकच्या अनुभवातून

सोलापुरात फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतो. अलीकडे उन्हाळा लागला की ओट्यावर ठेवायच्या छोट्या बर्फाच्या मशीनसाठी फोन सुरू होतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, "दादा, गॅस गेलाय बहुतेक. बर्फ पातळ येतोय." मशीन उघडून बघावं तर गॅस शाबूत असतो. आतल्या धातूच्या बोटांवर (ज्यांच्याभोवती बर्फ धरतो) पाण्यातल्या क्षारांचा पांढरा खार धरलेला असतो आणि टाकीच्या कोपऱ्यात बुळबुळीत थर. हे काम घरीच होतं, त्यासाठी मेकॅनिकला पैसे द्यायची गरज नाही.

आधी मशीन आत काय करतं ते समजून घ्या. खालच्या टाकीतलं पाणी पंप वरच्या छोट्या ट्रेमध्ये चढवतो. त्या पाण्यात निकेलचा मुलामा दिलेली धातूची बोटं बुडालेली असतात, बऱ्याच मशीनमध्ये नऊ. ती गार होतात आणि सहा ते दहा मिनिटांत त्यांच्याभोवती बर्फ धरतो. मग ट्रे कलंडतो, उरलेलं पाणी परत टाकीत जातं, बोटांत गरम गॅस सोडला जातो आणि बर्फ सुटून टोपलीत पडतो. टोपलीला गारवा नसतो. तिथला बर्फ वितळला की ते पाणीही टाकीतच येतं. दिवसभर तेच पाणी फिरत राहतं.

खरी गोम इथे आहे. पाणी गोठताना क्षार बाहेर ढकलतं, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर टाकीतलं पाणी आणखी जड होत जातं. भारतीय मानकानुसार (आयएस 10500) पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे खार धरणाऱ्या क्षारांचं प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालते. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा भरवसा नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत लोक तेच बोअरचं पाणी मशीनमध्ये ओततात आणि महिनाभरात बोटं पांढरी पडतात. शक्य असेल तर आरओचं पाणी वापरा. आरओ नसेल तर पाणी उकळून, पूर्ण गार करून, तळाचा साका न ढवळता वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्या. सगळे क्षार जात नाहीत, पण बराच फरक पडतो. गरम पाणी मात्र मशीनमध्ये कधीच घालू नका.

साफ करायला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. प्लग काढा, टोपली आणि बर्फाचा चमचा बाहेर घ्या, तळाचं बूच काढून टाकी रिकामी करा. पंपाच्या तोंडाशी एक जाळी किंवा स्पंज असतो, तो नळाखाली चोळून धुवा. गाळ सगळ्यात आधी तिथेच अडकतो. मग बूच परत लावा, दीड लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून टाकीत ओता. प्लग लावा आणि मशीनला 'क्लीन'चं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर बर्फाच्या दोन-तीन फेऱ्या होऊ द्या आणि तो बर्फ सरळ फेकून द्या. या बटणाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. ते फक्त पाणी फिरवतं. साध्या पाण्यावर कितीही वेळा दाबलं तरी खार निघत नाही.

फेरी झाली की मशीन बंद करून पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. खारावर बारीक बुडबुडे दिसले म्हणजे तो सुटतोय. त्यानंतर प्लग काढून मऊ टूथब्रशने प्रत्येक बोट वरून खाली हलक्या हाताने घासा. बोटांच्या मुळाशी खार जास्त असतो, तिथे घाई नको. तारेची घासणी, सुरी, संडास-बाथरूमचं अ‍ॅसिड यातलं काहीही लावू नका. मुलामा एकदा सोलला की तो परत बसत नाही आणि त्याचे कण थेट ग्लासात येतात. मुलामा निघालेला दिसला तर त्या मशीनचा बर्फ खाणं थांबवा. सुरीचं टोक लागून बोटाला भोक पडलं तर गॅस जातो. बऱ्याच छोट्या मशीनमध्ये आर-600ए हा पेट घेणारा गॅस असतो, म्हणून अडकलेला बर्फही टोकाने टोचू नका, आपोआप वितळू द्या.

शेवटी टाकी तीनदा स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या आणि पुढची पहिली एक-दोन टोपली बर्फ टाकून द्या.

गुलाबी किंवा काळपट बुळबुळीत थर हा खार नव्हे. ते जिवाणू आणि बुरशी असते. गोठवल्याने सगळे जिवाणू मरतात हा समज चुकीचा आहे. टोपली, चमचा, जाळी भांड्याच्या साबणाने घासा. तरीही वास राहिला तर सुट्या निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या भागांपुरतं, लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा बिनवासाचं ब्लीच घालून त्यात दहा मिनिटं बुडवा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच बोटांना लावू नका. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगरसोबत तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आणखी एक. टोपली रिकामी असताना मशीन 'भरली' दाखवत असेल तर बोर्ड बदलायला निघण्याआधी टोपलीच्या वरच्या बाजूला, आतल्या भिंतीवर असलेलं छोटं काळं सेन्सर ओल्या फडक्याने पुसा. त्यावर खाराची पातळ साय धरते. मागची-बाजूची जाळीही ब्रशने झाडा आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडा. गरम हवा कोंडली की कॉम्प्रेसर दमतो, बर्फही छोटा पडतो.

बोअरचं पाणी असेल तर लिंबूसत्त्वाची सफाई पंधरा दिवसांनी करा, आरओचं असेल तर महिन्यातून एकदा. पण मी सगळ्यांना कळकळीने सांगतो ते हे की रात्री टाकी रिकामी करा. बूच काढलं तरी तळाशी थोडं पाणी राहतंच, ते सुती फडक्याने टिपा आणि झाकण किलकिलं ठेवा. 2018 साली राज्यात अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याची सक्ती झाली, तेव्हापासून बाहेरच्या बर्फाबद्दल लोक जास्त जागरूक झाले. मुलांच्या सरबतात घरचाच बर्फ असावा म्हणून मशीन घेतलं, तर त्यात कालचं पाणी नको.

पावसाळ्यात मशीन माळ्यावर टाकणार असाल तर आधी सफाई करा, दोन दिवस झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवा आणि उभंच ठेवा. पुन्हा काढताना प्रवासात आडवं झालं असेल तर एक दिवस सरळ उभं ठेवून मगच प्लग लावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसतं.